खिशांतल्या चाकूचें मोल

फ्रान्समधील साव्हॉय प्रांतांत ओपिनेल नांवाचा एक चाकू तयार होतो. बीच वृक्षाच्या लांकडाची गोल मूठ, एक पातें, एक खीळ आणि पातें जागच्या जागीं धरून ठेवणारें एक फिरतें कडें, इतकाच त्याचा सारा संसार. त्याच्या नेहमीच्या आकाराची किंमत सुमारें १५ युरो, म्हणजे दीड हजार रुपयांच्या आसपास पडते. अमेरिकेतील आयडाहो संस्थानांत तयार होणारा सेबेंझा हा दुसरा एक चाकू. त्याची मूठ टायटेनियमची, पातें अत्यंत आधुनिक पोलादाचें, आणि किंमत ४०० डॉलरांच्या वर, म्हणजे तीस हजार रुपयांहून अधिक. दोन्ही चाकू मिटतात, दोन्ही खिशांत मावतात, आणि दोहोंनींही पेरू कापतां येतो. मग वीसपट पैसे मोजणाराच्या हातीं वीसपट काय येतें, असें एखाद्या हिशेबी गृहस्थानें विचारलें, तर त्याला अरसिक म्हणून वाटेस लावणें बरें नव्हे.

प्रश्न दिसतो तितका क्षुल्लकही नाहीं. पगारावर चालणाऱ्या घरांत तीस हजार रुपये ही सहज विसरतां येण्यासारखी रक्कम नव्हे. आणि जिच्यावर ती खर्चावयाची ती वस्तु बोटांशीं खेळणारी आहे. बोथट किंवा डळमळीत चाकूवर जोर द्यावा लागतो, आणि जोरांत निसटलेला हात कोठें जाईल याचा नेम नसतो. भाच्याच्या हातीं पहिला चाकू ठेवणाऱ्या मामाला किंमत आणि गुण यांचें नातें नीट समजलेलें असावें, हें बरें.

महाराष्ट्रीय स्वयंपाकघराला या विचाराची फारशी संवय नाहीं, याचें कारण विळी. विळीचें पातें स्थिर असतें आणि भाजी फिरते. चाकूचा न्याय याच्या उलट. मिटणारा लहान चाकू बैठकीच्या खोलींत आला तो लेखणीच्या मागोमाग, आधीं बोरू तासण्यासाठीं आणि पुढें शिसपेन्सिलीला टोंक करण्यासाठीं. इंग्रजींतही लहान चाकूला पडलेलें नांव पिसाच्या लेखणीवरूनच आलेलें आहे. मात्र महाग हत्यार आणि स्वस्त हत्यार यांतील भेद मराठी माणसाला अगदींच अपरिचित आहे असें नाहीं. पानसुपारीच्या तबकांतील अडकित्ता पाहावा. लोखंडाचा साधा अडकित्ता आणि मोर-पोपट कोरलेला पितळी नक्षीचा अडकित्ता यांच्या किमतींत मोठें अंतर असे. सुपारी मात्र दोहोंखालीं सारखीच कातरली जाई. नक्षीदार अडकित्ता घेणाऱ्या यजमानाला हें पक्कें ठाऊक असे, आणि तो जास्त पैसे देई ते नक्षीचे म्हणूनच देई. चाकूच्या दुकानांत ही गोष्ट इतक्या उघडपणें सांगितली जात नाहीं.

जोसेफ ओपिनेल हा शेतीचीं धारदार हत्यारें घडविणाऱ्या घराण्यांतला. १८९० सालीं त्यानें डोंगराळ साव्हॉयमधील आल्बिये-ल-व्हियो या आपल्या गांवाच्या परिसरांतील लोकांसाठीं हा चाकू बनविला. भाकरी, चीज, द्राक्षवेलीची काडी, जनावराच्या गळ्यांतील दोर, असलीं त्याचीं कामें. १८९७ सालापर्यंत त्याचे १ पासून १२ क्रमांकापर्यंत बारा आकार ठरले. त्यांतील ८ क्रमांकाचा, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा आकार आज सर्वांत परिचित आहे. पातें उघडल्यावर तें बोटांवर मिटूं नये म्हणून बसविलेलें कडें मात्र १९५५ सालीं आलें. या चाकूंत दोष नाहीं असें नाहीं. लांकूड ओलाव्यानें फुगतें, आणि पातें मुठीच्या खांचेंत असें रुतून बसतें कीं नखानें उघडूं म्हटलें तर नखच तुटेल. त्यावर साव्हॉयच्या लोकांची युक्ति अशी कीं मुठीचें मागचें टोंक टेबलावर ठोकावें. पातें आपोआप बाहेर डोकावतें. कोंकणच्या पावसाळ्यांत हा चाकू किती हट्ट करील याची कल्पना श्रोत्यांना करतां येईल. परंतु सफरचंदाची पातळ चकती काढावयाची असेल तर हा पंधरा युरोचा हट्टी चाकू चारशें डॉलरांच्या चाकूला सरळ मागें टाकतो, आणि याचें कारण समजून घेण्याजोगें आहे.

चाकू कापतो तो मुख्यतः आपल्या आकारानें. पात्याच्या दोन बाजू जेथें एकमेकींस मिळतात ती रेषा म्हणजे धार. ती रेषा कितीही बारीक केली, तरी तिच्या मागोमाग पात्याची सारी जाडी त्या फळांतून गेली पाहिजे. ओपिनेलच्या पात्याची जाडी पावणेदोन मिलिमीटरांच्या आंतबाहेर असते. मोठ्या सेबेंझाचें पातें सुमारें तीन मिलिमीटर जाड. त्यामुळें सफरचंद अर्धें कापलें जातें आणि उरलेलें अर्धें पाचर ठोकल्यासारखें उकलतें. गाजर तर कापण्याऐवजीं तडकतें. जाड पातें निरुपयोगी असतें असें येथें म्हणावयाचें नाहीं. खोक्यावरची पट्टी उचकटणें, लांकडाची ढलपी काढणें अशा आडदांड कामांत तें वांकत नाहीं. पण शहरांतील गृहस्थाच्या दिवसांत असलीं कामें किती येतात आणि फळें किती येतात, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

मग पोलादाचें काम कोणतें? तो बारीक आकार किती वेळ टिकवावयाचा, हें पोलाद ठरवितें. येथें मराठींतला "पाणी देणें" हा जुना शब्दप्रयोग अगदीं चपखल बसतो. शेंकडा एकाच्या आसपास कार्बन असलेलें पोलाद लालबुंद तापवून तेलांत किंवा पाण्यांत बुडविलें कीं तें कांचेसारखें कठीण आणि कांचेसारखेंच ठिसूळ होतें. मग पुन्हां मंद आंच देऊन त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. किती उतरवावयाचा, यांत कारागिराची अक्कल असते. फार कठीण ठेवलें तर धारेचे टवके उडतात, फार मऊ केलें तर धार वळते. हा कठीणपणा आज रॉकवेल नांवाच्या मापावर मोजतात. स्वित्झर्लंडमधील व्हिक्टोरिनॉक्सच्या प्रसिद्ध लाल चाकूचा कठीणपणा त्या मापावर ५६ च्या आसपास असतो, तर महाग अमेरिकन चाकूंचा ५९ ते ६१ पर्यंत जातो. आंकडा लहान म्हणून स्विस चाकू हलका असें मानणें चुकीचें होईल. कार्ल एल्सेनर यानें इबाख येथें १८८४ सालीं कारखाना काढला, १८९१ सालीं स्विस सैनिकांना पहिले चाकू पुरविले, आणि जर्मनींतील सोलिंगनचे कारखानदार तोच माल स्वस्तांत देऊं लागल्यावर तो जवळजवळ बुडाला. १८९७ सालीं त्यानें अधिकाऱ्यांसाठीं हलका, अनेक उपकरणांचा चाकू काढला तेव्हां कोठें त्याचा जम बसला. शिपाई आपला चाकू छावणींत मिळेल त्या दगडावर पाजळतो; त्याला मऊ पोलाद सोयीचें. ज्याच्या हातीं तें हत्यार जावयाचें त्याच्या संवयी ओळखून तें बनविण्याचा हा प्रकार आहे.

याच्या अगदीं दुसऱ्या टोंकाला सी पी एम एस ३० व्ही नांवाचें पोलाद आहे. अमेरिकेतील क्रूसिबल कंपनीनें तें २००१ सालीं खास चाकूंसाठीं बाजारांत आणलें, आणि त्याच्या घडणींत सेबेंझाचे जनक ख्रिस रीव्ह यांचा सल्ला होता. रीव्ह हे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. १९८९ सालीं ते आयडाहोंत आले, आणि सेबेंझा या झुलू शब्दाचा अर्थ "काम" असा आहे. या जातीचें पोलाद ओतून तयार करीत नाहींत. वितळलेल्या धातूवर वायूचा झोत मारून त्याचा बारीक भुगा करतात, आणि तो भुगा प्रचंड दाबाखालीं तापवून एकजीव करतात. असें केल्यानें त्यांतील कठीण कण मोठे न होतां सर्वत्र सारखे पसरतात. एस ३० व्ही पोलादांत शेंकडा ४ व्हॅनेडियम असतें, आणि व्हॅनेडियम व कार्बन यांच्या संयोगानें झालेले कण विलक्षण कठीण असतात. शेफील्ड येथें चाकूंच्या धंद्याची एक संशोधनसंस्था आहे. तिच्या यंत्रांत वाळूसारखे कण मिसळलेला जाड कागद चाकूकडून कापवून घेतात व धार किती वेळ टिकली तें मोजतात. या परीक्षेंत एस ३० व्ही पोलाद ४४० सी या जुन्या, न गंजणाऱ्या पोलादाच्या सुमारें दीडपट टिकतें, असा आंकडा खुद्द पोलाद बनविणाऱ्या कंपनीनें दिलेला आहे. तो खरा धरून चालावें. धार दीडपट टिकली. किंमत किती पटीनें वाढली तें वर सांगितलेंच आहे.

शिवाय या दीडपटीला एक अट आहे, आणि बहुतेक घरांत व्यवहार फसतो तो या अटीपाशीं. व्हॅनेडियमचे ते कण नेहमीच्या धारेच्या दगडापेक्षांही कठीण असतात. साध्या दगडावर तें पातें घांसलें कीं दगड आजूबाजूचें पोलाद झिजवितो आणि कण तसेच राहतात. मनगट दुखतें, धार मात्र यावी तशी येत नाहीं. त्यासाठीं हिऱ्याची पूड बसविलेली पाटी लागते व ती चालविण्याचा सराव लागतो. आतां शहरांतील घरांत प्रत्यक्ष काय होतें तें पाहावें. कोणी आप्त परदेशाहून उंची चाकू आणतो. पहिले कांहीं महिने त्याचें कौतुक होतें. मग एके दिवशीं तो टोमॅटोच्या सालीवरून घसरतो. दगड घरांत नसतो, असला तर उपयोगी पडत नाहीं, म्हणून रस्त्यावर चाक फिरवीत येणाऱ्या धारवाल्याकडे तो जातो. धारवाल्याचा यांत दोष नाहीं; त्याचें चाक विळीसाठीं आणि कात्रीसाठीं आहे. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात, पात्याचा बारीक कांठ तापतो. तो कांठ निळा पडला कीं साध्या कार्बनी पोलादाचें तेवढ्या भागांतील पाणी उतरलें असें समजावें, आणि पोलाद उंची असलें तरी पात्याचा मूळ कोन व चकाकी गेलीच. पंधरा युरोचा चाकू असा बिघडला तर हळहळ वाटते. तीस हजारांचा बिघडला कीं तो खणांत जाऊन पडतो, कारण वापरवत नाहीं आणि टाकवत नाहीं.

येथें एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. ज्यांचें पोट उत्तम धारेवर अवलंबून आहे, त्यांतील पुष्कळांनीं महागड्या पात्याचा मार्गच सोडून दिला. जपानांतील ओसाका येथें योशिओ ओकादा हा गृहस्थ छापखान्यांत कागद कापण्याचें काम करी. पातें वारंवार बोथट होई. चॉकलेटची वडी जशी ठरलेल्या रेघांवर मोडते, तसें पातें मोडतां आलें तर प्रत्येक वेळीं नवी धार मिळेल, असें त्याला सुचलें, आणि १९५६ सालीं त्यानें तुकडे मोडत जाणाऱ्या पात्याचा चाकू बनविला. आज जगभर कागद, पुठ्ठा, गालिचा कापणाऱ्यांच्या हातांत तोच आहे. शस्त्रवैद्यांचीही हीच कथा. १९१५ सालीं मॉर्गन पार्कर यानें दांडा निराळा आणि पातें निराळें अशा शस्त्राचें पेटंट घेतलें. तेव्हांपासून मनुष्याच्या देहाला लागणारें पातें एकदां वापरून टाकून द्यावयाचें, असा प्रघात पडत गेला. या पद्धतीनें कचरा वाढतो हें खरें, आणि सुतार किंवा माळी अजूनही आपलें हत्यार पाजळूनच वापरतो. तथापि दिवसभर धारेशींच काम पडणाऱ्या माणसानें निवडलेली वस्तु पाहिली म्हणजे वीसपट किमतीचें समर्थन धारेच्या नांवानें करणें कठीण होऊन बसतें.

तर मग ते पैसे जातात कोठें? ते वायां जातात असें म्हणणें अन्यायाचें होईल. मोठा भाग सांध्यांत आणि अडकणींत जातो. मिटणाऱ्या चाकूचा सर्वांत नाजूक अवयव म्हणजे पातें ज्या खिळीभोंवतीं फिरतें ती जागा. तेथें केंसभर ढिलाई राहिली तर पातें डुगडुगतें. केंसभर घट्ट झालें तर उघडत नाहीं. उत्तम चाकूंत पातें लोण्यांतून फिरल्यासारखें फिरतें आणि उघडल्यावर अखंड लोखंडी कांबीसारखें स्थिर राहतें. १९८० नंतरच्या कांहीं वर्षांत मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिरानें मुठीच्या आंतील पातळ पट्टीच पात्यामागें येऊन बसेल अशी अडकण प्रचारांत आणली. रीव्ह यांनीं तीच कल्पना पुढें नेऊन मुठीची एक बाजूच अडकण बनविली. टायटेनियम हा कापावयास चिवट धातु, त्याला असें मापांत आणणें वेळखाऊ असतें. सेबेंझाबरोबर किल्ली मिळते; धनी तो चाकू स्वतः उलगडून, पुसून, पुन्हां जोडूं शकतो, आणि जोडल्यावर तो पहिल्यासारखाच चालतो. हें काम अस्सल आहे. ज्याला घड्याळाच्या यंत्रांत सौंदर्य दिसतें, त्याला यांतही दिसेल, आणि त्यानें आपल्या कमाईतून तें विकत घेतलें तर कोणी नाकें मुरडण्याचें कारण नाहीं. फक्त आपण नक्षीचा अडकित्ता घेत आहों हें त्याला ठाऊक असावें.

किमतीचा उरलेला भाग नांवाचा. नांवाचा व्यापार या धंद्यांत फार जुना आहे. १८५१ सालीं लंडनच्या महाप्रदर्शनांत शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीनें नॉरफोक नांवाचा, ७५ पातीं व उपकरणें असलेला प्रचंड चाकू मांडला. त्यानें कांहींच कापावयाचें नव्हतें. त्यानें शेफील्डची कीर्ति पसरावयाची होती. ती इतकी पसरली कीं परक्या मालावर शेफील्डचें नांव ठोकून तो विकला जाऊं लागला, आणि १८८७ सालीं इंग्लंडला मालाच्या खुणांविषयीं कायदा करावा लागला. त्यामागें शेफील्डच्या चाकूवाल्यांची ओरड बरीच होती. फ्रान्समधील लॅग्योल या गांवाच्या नांवाचे चाकूही असेच. त्यांतील पुष्कळसे थिएर या दुसऱ्या गांवीं बनतात आणि कांहीं तर फ्रान्सबाहेरून येतात. नांव ऐकून पैसे देणाऱ्यानें पातें कोठें बनलें तें आधीं विचारावें.

याचा अर्थ मिळेल तो स्वस्त चाकू घ्यावा असा मुळींच नाहीं. एका मर्यादेखालीं स्वस्ताई हीच सर्वांत महाग पडते. जत्रेंत शंभर-दीडशें रुपयांना मिळणाऱ्या चमकदार चाकूच्या पात्याला बहुधा पाणीच नीट दिलेलें नसतें. त्याची अडकण ऐन वेळीं सुटून पातें बोटांवर मिटतें. दुकानांत चाकू घेतांना पातें पूर्ण उघडून पाठीकडून जपून दाबून पाहावें. अडकण सरकतां कामा नये. मग पातें बाजूंना हलवून पाहावें. मिटलेलें पातें वरून पाहिलें असतां मुठीच्या मधोमध बसलेलें दिसावें. शेवटीं वर्तमानपत्राचा एक कागद हातांत अधांतरीं धरून त्यावर धार ओढावी. कागद फाटला तर धार खडबडीत आहे, चिरला गेला तर ठीक. या चार परीक्षांना उतरणारा चाकू प्रामाणिक कारखानदाराकडून दीड-दोन हजारांत मिळतो. त्याच्या वर जें जें चढत जातें तें हौसेच्या खात्यावर मांडावें.

आणखी एक व्यवहाराची बाब. खिशांतला चाकू हरवण्याची वस्तु आहे. विमानतळावरील तपासणींत तो हातच्या सामानांत सांपडला तर बहुधा तेथेंच ठेवावा लागतो. रांगेंत उभ्या असलेल्या प्रवाशाला त्या क्षणीं दीड हजार आणि तीस हजार यांतील फरक नेमका कळतो. ब्रिटनमध्यें १९८८ च्या कायद्यानें तीन इंचांपर्यंतच्या मिटत्या चाकूला सार्वजनिक जागीं मोकळीक आहे, पण न्यायालयांनीं अडकणीच्या चाकूला त्या मोकळिकींत धरलेलें नाहीं. म्हणजे ज्या अडकणीसाठीं सर्वांत जास्त पैसे मोजले, तिच्यामुळेंच सबळ कारणावांचून तो चाकू बाहेर नेणें तेथें गुन्हा ठरतें. तेथें शिकावयास किंवा नोकरीस जाणाऱ्या मुलाला भेट देतांना घरच्यांनीं हें लक्षांत ठेवावें. भारतांत घरगुती व शेतीच्या उपयोगाखेरीज नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला परवाना लागतो. फळें कापण्याचा लहान चाकू त्या मर्यादेच्या फार आंत आहे.

चाकूवर वांचलेल्या रकमेंतून कांहींशें रुपये धारेच्या दगडावर खर्चावे: एका बाजूनें भरड, दुसऱ्या बाजूनें बारीक असा दगड पुरे. तो भिजवून ओल्या फडक्यावर ठेवावा म्हणजे सरकत नाहीं. पात्याची पाठ दगडापासून जेमतेम दोन रुपयांच्या नाण्यांच्या जाडीइतकी उचलून, दगडाचा पातळ पापुद्रा काढावयाचा आहे अशा बेतानें पातें पुढें ढकलावें. एका बाजूनें आठ-दहा वेळां, मग दुसऱ्या बाजूनें तितकेंच, आणि शेवटीं जुन्या चामडी पट्ट्यावर उलट दिशेनें ओढावें. महिन्यांतून एकदां दहा मिनिटें यासाठीं पुरतात. कार्बनी पोलादाचा ओपिनेल घेतला असेल तर कांदा किंवा लिंबू कापल्यावर त्याचें पातें करडें, पुढें काळपट होईल. तो गंज नव्हे. पुसून कोरडें करून खोबरेल तेलाचें बोट फिरवावें, आणि तो काळपटपणा तसाच राहूं द्यावा.